कंठठेव वाढवण्याबाबत

कासाराच्या दुकानात बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, तेही वाढतं. आणि संध्याकाळी दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बार्शीच्या प्रमिला वेळापुरे यांनी त्रेचाळीस वर्षं लेकीसुनांच्या हातांत बांगड्या भरल्या, पण 'फुटली' हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. एखाद्या पोरीनं काढलाच तर तिच्या मनगटावर हलकेच टिचकी मारत. गल्लीत त्यांना सगळे काकू म्हणत, आपणही काकूच म्हणू.

तर नवरा गेल्यावर, तेराव्यानंतर आठवड्याभरानं, काकू बँकेत गेल्या आणि मॅनेजरसमोर बसून म्हणाल्या, "साहेब, ह्यांची कंठठेव वाढवा आता."

मॅनेजर प्रथमेश बिडवे, वय अडतीस, गाव परांडा. त्यानं मान डोलावली. टेबलावरच्या यंत्रानं वाक्य टिपलं, दोन कागद बाहेर काढले, काकूंनी खूण दाखवली तिथं सह्या केल्या. चष्मा घरी राहिला होता, आणि डोळ्यांत पाणी असल्यावर चष्म्याचा तरी काय उपयोग असतो? दोन मिनिटांत काम झालं.

कंठठेव म्हणजे काय, हे त्या वेळी शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. तरी मुळापासून सांगितलेलं बरं. त्याआधीच्या काही वर्षांत आवाजाची नक्कल फार स्वस्त झाली होती. कुणाचं तीन सेकंद बोलणं मिळालं की त्याच्या तोंडी हवं ते घालता यायचं. आईच्या आवाजात रडत फोन यायचा, आणि आई शेजारच्या खोलीत पोळ्या लाटत असायची. फोनवरच्या शब्दावर कुणाचा भरवसा म्हणून राहिला नाही.

त्यावरचा उपाय सापडला तो हाडांत. माणूस बोलतो तेव्हा नुसती हवा हलत नाही. जबडा, कवटी, नाकामागच्या पोकळ्या, मानेचे मणके, सगळंच बारीक थरथरतं. ही थरथर ज्याची त्याची वेगळी असते, आणि ती हवेतून समोरच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे नकलाकाराच्या हाती कायम अर्धाच आवाज लागतो. गळ्याला एक रुंद पट्टी बांधून दोन्ही अर्धे एकाच वेळी मोजले, की मिळणारा ठसा खोटा करता येत नाही. काकूंना हे ऐकताक्षणी पटलं होतं. दिसायला धड असलेल्या बांगडीला आतून तडा आहे का, हे त्याही टिचकी मारूनच ओळखत.

मात्र ठसा ताडून पाहायला मूळ आवाज कुठंतरी जपून ठेवायला हवा. ते काम बँकांकडे आलं. चार तास गळपट्टी बांधून बोलायचं, घरातलं, बाजारातलं, रागाचं, थट्टेचं. त्यावरून बँक तुमच्या कंठाची पूर्ण प्रतिकृती बनवून तिजोरीत ठेवते. आता, पूर्ण प्रतिकृती म्हटली की तिच्याकडून बोलवूनही घेता येतं. ही गोष्ट नियमावलीत लिहिलेली होती आणि नियमावली कोण वाचतं? ठेवीदार मेला की वारसानं दोनांतलं एक सांगायचं, ठेव नष्ट करा किंवा मुदत वाढवा. मुदत वाढवली की तो आवाज 'ग्राहकसेवेसाठी' वापरायची बँकेला मोकळीक. अनोळखी आवाजाचा फोन लोक पटकन कापतात. गेलेल्या ओळखीच्या माणसाचा फोन कापायला कुणाचा हात धजत नाही.

आणि हा आवाज काही साधासुधा नव्हता. काकूंचे यजमान एसटी स्टँडवर एकतीस वर्षं निवेदक होते. "बार्शी-तुळजापूर-उमरगा, फलाट क्रमांक चार." अख्खा तालुका त्या आवाजाच्या सांगण्यावर गाडीत चढला होता.

फेब्रुवारीत एके दिवशी मागच्या आळीतली चतुरा ढोले दुकानात आली. चतुराचा नवरा मच्छिंद्र हा एसटीतला निवृत्त कंडक्टर, काकूंच्या यजमानांचा जिवाभावाचा दोस्त.

"अक्का, काल भावजींचा फोन आला व्हता आमच्या ह्यास्नी," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"तुमच्या ह्यांचा. बँकेतनं. आमचं हे लई खूश झालं. आता त्येंला कुटं काय आठवतंय, भावजी गेलंत म्हून! रातच्याला मला म्हनतात, अंबूचा आवाज सर्दावलाय जरा."

काकूंच्या हातातला बांगड्यांचा तोडा तसाच राहिला. यंत्रानं 'वाढवा'चा काय अर्थ घेतला, हे त्यांच्या तिथल्या तिथं लक्षात आलं. उद्या सकाळी जाऊन मॅनेजरला चांगलं फैलावर घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

पण दुसऱ्या दिवशी मंगळवार होता आणि अकरा वाजता त्यांचाच फोन वाजला. फोनचा गुंडीएवढा तुकडा तेव्हा कानामागच्या हाडावर चिकटवत, त्यामुळे आवाज बाहेरून येतोय असं वाटतच नसे.

"ऐकलंस का? बँकेतून बोलतोय."

आवाज यजमानांचाच होता. तो कुठल्याशा नव्या योजनेची माहिती देत होता. मधे खाकरला, अगदी तसाच खाकरला. "ठेवू मग?" असं विचारून थांबला. काकू म्हणाल्या, "अजून एकदा सांगा ना, नीट कळलं नाही."

इथं काकूंचं चुकलं. त्या बँकेत गेल्या नाहीत. पुढच्या मंगळवारी साडेदहापासूनच दुकानाचं फळकूट ओढून त्या आत बसल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी तर त्यांनी केसही नीट विंचरले होते. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. असे सात मंगळवार गेले.

आठव्या आठवड्यात, एप्रिलच्या मध्याला, मच्छिंद्रला फोन आला. हयातीच्या दाखल्याची मुदत संपत होती, त्याची आठवण करून द्यायला. "मच्छू, शाखेत ये रे. वाट बघतोय." मच्छिंद्रच्या डोक्यातून 'शाखेत' निसटलं आणि 'वाट बघतोय' तेवढं राहिलं. त्यानं ट्रंकेतला खाकी शर्ट काढून अंगात घातला आणि भर बाराला तो जुन्या स्टँडवर गेला. आयुष्यभर दोस्त त्याची वाट बघत असे तो तिथंच. स्टँड बायपासला हलवून सहा वर्षं झाली होती. जुन्या फलाटांवरचे पत्रेही कुणी काढून नेले होते. मच्छिंद्र चार नंबरच्या कट्ट्यावर उन्हात बसून राहिला. साडेचारला कचरा वेचणाऱ्या बायांना दिसला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

दहाव्याला काकू चतुराकडे गेल्या. चतुरा रडत नव्हती.

"तुमच्या माणसानं बोलावलं म्हून गेला," ती एवढंच म्हणाली.

"तो मॅनेजर आहे ना, त्याला मी सोडत नाही चतुरा," काकू म्हणाल्या. "तुझी शपथ."

बँकेच्या मॅनेजरविरुद्ध रीतसर तक्रार कशी करायची, हे काकूंनी पोस्टातल्या एका जाणत्या माणसाला विचारून घेतलं. पहिली पायरी म्हणजे लेखी तक्रार, शाखेत. आता शाखेत म्हणजे कुणाकडे? शाखा व्यवस्थापकाकडे. ज्याच्यावर तक्रार, त्यालाच नेऊन द्यायची आणि पोचही त्याच्याकडूनच घ्यायची. हा नियम ज्यानं केला त्याला घरी कुणी कधी ओरडलं नसावं. पोच घेतल्यावर तीस दिवस थांबायचं. मग निवारण कक्ष. तिथंही समाधान नाही झालं तर लोकपाल.

काकूंनी रेघांच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'विषय : आपल्या शाखेचे व्यवस्थापक श्री. प्रथमेश बिडवे यांनी माझ्या बोलण्याचा अर्थ कळूनही जाणूनबुजून कंठठेवीची मुदत वाढवल्याबाबत तक्रार.'

बिडवेनं तो कागद दोनदा वाचला.

"काकू, यात 'जाणूनबुजून' लिहिलंय तुम्ही."

"हो."

"ते सिद्ध करावं लागतं. यंत्रानं शब्द घेतला, मी मंजुरी दिली. चूक यंत्राची आहे."

"परांड्याचे ना तुम्ही? आई आहे?"

"आहे."

"बांगडी गेली हातातली, तर काय म्हणते?"

बिडवेनं टेबलावरच्या यंत्राचं बटण दाबून ते बंद केलं. केबिनच्या काचेतून बाहेर पाहिलं.

"वाढवली म्हणते," तो म्हणाला.

"मग कळलं होतं तुम्हाला."

"कळलं होतं." त्याचा आवाज खाली आला. "यंत्रानं लिहिलेलं खोडायचं तर वर कारणं द्यावी लागतात. त्या महिन्यात अकरा मुदतवाढी करायच्या होत्या, दहा झाल्या होत्या. आणि खरं सांगू काकू? मला वाटलं, तुम्हाला बरंच वाटेल. बहुतेकांना वाटतं."

काकूंच्या अंगाची आग झाली. त्याला एक सणसणीत ठेवून द्यावी असं वाटलं. पण सात मंगळवार आठवले आणि हात उचलेना. बिडवेनं शिक्का मारला, तारीख घातली आणि पोच पुढं सरकवली. "जपून ठेवा. शिक्क्याशिवाय पुढं कुणी दारात उभं करत नाही." माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, असं काकूंना घरी येताना वाटत राहिलं.

मंगळवारचा फोन आता त्या उचलत नव्हत्या. वाजू लागला की उठून मोरीत जाऊन भांडी घासत, घासलेलीच पुन्हा घासत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निवारण कक्षाचं बोलावणं आलं. कक्ष म्हणजे शाखेच्या मागच्या बाजूची एक खोली. एक खुर्ची, एक टेबल, भिंतीत जाळी आणि दोरीला लटकवलेली गळपट्टी. शिपायानं पट्टी बांधून दिली आणि दार ओढून घेतलं.

"बस," जाळीतून आवाज आला. "आधी पाणी पी. उन्हातून आलीस."

काकूंनी खुर्चीची दांडी घट्ट धरली. तक्रारदार घाबरू नये, चिडू नये, म्हणून निवारण कक्षात त्याच्या ओळखीचा आवाज लावतात. नियमावलीत तेही होतं.

"दुसरा आवाज लावा," त्या म्हणाल्या.

"लावता येईल. मग तारीख पुन्हा पडेल, ऑगस्टात."

ऑगस्टापर्यंत हा आणखी किती घरांत फोन करणार? काकू पाणी प्यायल्या. "चला, विचारा."

"सोळा नोव्हेंबरला 'वाढवा' असं तू म्हणालीस?"

"म्हणाले. पण अहो, तुम्हाला माहितीय की मी..." काकूंनी जीभ चावली. मग पुन्हा, सावकाश, सगळं सांगितलं. बांगडी, मंगळसूत्र, दुकान. अशुभ बोलायचं नाही म्हणून उलटं बोलायचं.

"तो अर्थ कोशात आहे," आवाज म्हणाला. "बांगडी, मंगळसूत्र आणि दुकान एवढ्यापुरता. ठेवीच्या बाबतीत तशी नोंद नाही. व्यवस्थापकाला अर्थ कळला होता, असं तुझं म्हणणं आहे. त्याचं लेखी म्हणणं आलंय, की कळला नव्हता."

"खोटं बोलतोय तो. माझ्यासमोर कबूल केलंय त्यानं."

"असेल. इथं गळपट्टीवर त्याची जबानी घेण्याचा अधिकार नाही. तो लोकपालांना आहे. तिकडं प्रकरण पाठवलं तर त्याला आधी शाखेवरून हलवतील, लोकांशी व्यवहार करू देणार नाहीत. निकालाला साधारण चौदा महिने."

"पाठवा मग. पाठवाच."

"एक ऐकून घे. तोवर हा आवाज पुरावा ठरेल. पुरावा आहे त्या स्थितीत ठेवावा लागतो. तो सध्या वापरात आहे, म्हणजे वापरातच राहील. चारशे बारा घरं आहेत."

चारशे बारा घरांत किती मच्छिंद्र असतील, याचा काकू हिशेब करू लागल्या आणि त्यांना तो करवेना.

"दुसरी काही वाट?"

"आहे. वारस म्हणून आत्ता, इथं, स्पष्ट शब्दांत आवाज नष्ट करायला सांग. पूर्ण नाव घेऊन. तत्काळ होईल. मात्र मग तक्रारीचं कारणच उरत नाही. तक्रार निकाली निघेल आणि व्यवस्थापकाच्या नावावर काही लागणार नाही."

काकूंना चतुराजवळ घेतलेली शपथ आठवत होती. लोकपालांकडे गेलं तर बिडवेला शिक्षा होईल, शपथ पाळली जाईल, त्यात खोटं काही नव्हतं. पण चौदा महिने म्हणजे साठ मंगळवार. त्या साठ मंगळवारांची काकूंना भीती वाटायला हवी होती. वाटली ती हाव. शपथेच्या आडून आपण नवऱ्याचा आवाज मागतो आहोत, हे त्यांना लख्ख दिसलं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"सांगते," त्या म्हणाल्या. "अंबादास..."

नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं ते उखाण्यातच. आवाज चिरकला.

"तुझ्या ठेवीशी ठसा जुळत नाही," तो आवाज म्हणाला. "सावकाश. घाई नाही."

दुसऱ्यांदा नाव पूर्ण झालं, पुढचा शब्द फुटेना. पुन्हा ठसा जुळला नाही. काकूंनी पट्टीखाली बोट घालून गळा चोळला, डोळे पुसले आणि दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगतात त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "अंबादास नारायण वेळापुरे यांचा आवाज कायमचा नष्ट करा."

"जुळला. खात्री आहे?"

तो विचारत होता. लग्नानंतर पहिल्यांदा दुकान काढायचं म्हटलं तेव्हा असंच विचारलं होतं त्यानं.

"हो."

मग एका अनोळखी बाईचा प्रसन्न आवाज आला, "आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाली आहे. सेवेला एक ते पाच यांपैकी गुण द्यावेत." काकूंनी गळपट्टी सोडली, ती खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

बाहेर केबिनमध्ये बिडवे कुणाशी तरी बोलत होता. त्यानं काकूंकडे पाहिलं आणि पुन्हा त्या माणसाकडे वळला.

चतुराकडे जायला काकूंना नऊ दिवस लागले. रोज दुकान वाढवून निघत, कोपऱ्यापर्यंत जात आणि परत फिरत. दहाव्या दिवशी गेल्या. चतुरा उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. काकूंनी काही लपवलं नाही. जाळी, चौदा महिने, चारशे बारा घरं. साठ मंगळवार सुद्धा सांगितले.

चतुरानं सगळं ऐकून घेतलं. सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजे त्येला कायबी झालं न्हाई?"

"नाही. तिथंच बसलाय."

"तुमच्या माणसाला सोडवलंत तुमी," चतुरा म्हणाली. "माझ्या माणसाचं काय, अक्का?"



"परवा आला व्हता त्यो सायेब," चतुरा पुढं म्हणाली. "घरी. हितं, ह्या पाटावर बसला. लई वंगाळ झालं म्हनला, डोळ्यात पानी व्हतं त्येच्या. मग कागूद काढला. ह्यांचा आवाज ठिवायचा का म्हनला. म्यां अंगठा दिला."

"चतुरा!" काकू जवळजवळ ओरडल्या. "अगं, काय केलंस हे? माझं पाहिलंस ना? उद्या चल माझ्याबरोबर. वारसाला रद्द करता येतं. मी लिहून देते तक्रार, सगळं माहितीय मला आता, आधी शाखेत द्यायची, पोच घ्यायची..."

आत फोन वाजला. चतुरा अशी लगबगीनं उठली की तांदूळ सांडले. तिनं गुंडी कानामागं चिकटवली. काकूंना काहीच ऐकू येत नव्हतं, पण चतुराचा चेहरा दिसत होता, आणि दोन महिन्यांत तो चेहरा त्यांनी असा पाहिला नव्हता.

"व्हय, जेवले," चतुरा म्हणाली. "तुमी?"

"तो मच्छूभाऊ नाही, चतुरा. ठेव तो फोन."

चतुरानं मान वळवली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

"ठाव हाय मला," ती हळू आवाजात म्हणाली. "जावा तुमी, अक्का."

तिनं दार लोटलं. काकू पायरीवर उभ्या राहिल्या. आत चतुरा बोलत होती, मधेच हसत होती, ऐकत होती. उद्या बँकेत जायला हवं, लोकपालांचा पत्ता काढायला हवा, असं सगळं काकूंच्या मनात यायला हवं होतं. पण त्यांना फक्त चतुराचा हेवा वाटला. इतका वाटला, की त्या दाराला हात लावून तिथंच रडल्या.